आईच्या वहीतले शंभर प्रश्न: अमेरिकेतल्या मराठी मंडळांना एक खुलं पत्र

अमेरिकेतल्या सगळ्या मराठी मंडळांच्या कार्यकारिणीतल्या ताई-दादांनो आणि दर रविवारी आपली सुट्टी मोडून मराठी शाळेत शिकवायला येणाऱ्या शिक्षकांनो,

सप्रेम नमस्कार.

मागणं एकच आहे आणि ते आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचायला वेळ नाही झाला तरी निदान एवढं तरी पोचेल. रविवारी मराठी शाळा भरते त्याच इमारतीत आम्हाला एक खोली आणि दीड तास द्या. सिटिझनशिपच्या परीक्षेला बसणाऱ्या आपल्या आई-बाबांना तिथे अमेरिकेचा इतिहास मराठीतून शिकवायचाय, नीट, गोष्ट सांगितल्यासारखा, का झालं कसं झालं ते समजावून. शिकवायला कोण, ते पुढे सांगते.

माझी आई ६७ वर्षांची आहे. मूळची खामगावची, जिल्हा परिषदेच्या शाळेत ३२ वर्षं शिक्षिका होती, बाबा गेल्यावर मी तिला इकडे न्यू जर्सीला आणलं, ग्रीन कार्ड मिळून आता सहा वर्षं झाली. तिला सिटिझन का व्हायचंय असं बरेच जण विचारतात, या वयात कशाला ती दगदग म्हणतात, तर त्याचं उत्तर असं की तिला खामगावात जास्त दिवस राहायचंय. ग्रीन कार्डवर सहा महिन्यांच्या वर बाहेर राहिलं की परत येताना एअरपोर्टवर प्रश्न सुरू होतात, वर्षाच्या वर गेलं तर कार्डच धोक्यात येतं, आणि तिची बहीण तिकडे एकटी आहे, घर आहे, पावसाळ्यात घर गळतं ते बघायला लागतं. सिटिझन झाली की ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड, काढून पाहिजे तितके दिवस जाऊन राहता येईल. तुमच्या मंडळातल्या निम्म्या आजी-आजोबांचं हेच गणित आहे, विचारून बघा.

आता नियम काय आहे तो बऱ्याच जणांना अर्धवट माहिती असतो म्हणून लिहिते. ६५ च्या वर वय आणि ग्रीन कार्डवर २० वर्षं झालेली असतील तर फक्त २० प्रश्नांचा अभ्यास करायचा आणि तोही आपल्या भाषेत, दुभाष्या घेऊन. ५० च्या वर वय आणि २० वर्षं, किंवा ५५ च्या वर आणि १५ वर्षं झाली असतील तर प्रश्न सगळे, पण भाषा आपली चालते. आणि म्हातारपणी मुलांकडे आलेल्या आई-बाबांचं काय, तर त्यांची १५ वर्षं भरेपर्यंत ते ऐंशीचे होतील, म्हणजे ज्यांना सवलतीची खरी गरज त्यांनाच ती मिळत नाही. आईला सगळं इंग्रजीत द्यायचं होतं. मुलाखत इंग्रजीत, एक वाक्य वाचून दाखवायचं, एक लिहून दाखवायचं, आणि इतिहास-नागरिकशास्त्राचे १०० प्रश्न तयार ठेवायचे, त्यातले १० पर्यंत विचारणार आणि ६ बरोबर यायला पाहिजेत. तिचा फॉर्म मागच्या उन्हाळ्यात गेला म्हणून १०० तरी, २० ऑक्टोबर २०२५ पासून ज्यांनी फॉर्म भरला त्यांना १२८ प्रश्नांची यादी आहे, विचारणार २०, बरोबर पाहिजेत १२.

अभ्यास कसा सुरू झाला तर व्हॉट्सअॅपवरून. आमच्या भागातल्या ग्रुपवर एक पीडीएफ फिरते, प्रश्न आणि त्याचं सगळ्यात छोटं उत्तर, खाली लिहिलेलं की एवढं पाठ केलं की झालं. आईने दोनशे पानी वही आणायला लावली आणि डाव्या पानावर प्रश्न, उजव्या पानावर उत्तर, असं सगळं देवनागरीत उतरवून काढलं. "व्हॉट इज द सुप्रीम लॉ ऑफ द लँड", समोर "द कॉन्स्टिट्यूशन". अक्षर बघण्यासारखं आहे तिचं, शिक्षिकेचं, वळणदार, लाल पेनने रेघ मारलेली. सकाळी पोहे परतताना तिचं सुरू असायचं, ट्वेंटी सेव्हन अमेंडमेंट्स, फोर थर्टी फाइव्ह हाऊस मेंबर्स, वुड्रो विल्सन, अगदी पावकी-निमकी म्हणतात तसं. आठवड्याभरात ४० प्रश्न झाले आणि मला वाटलं चला, महिन्यात उरकतंय.

मग तिसऱ्या प्रश्नावर आम्ही परत आलो. तो असा आहे की जनतेने स्वतःचं राज्य स्वतः चालवायचं ही कल्पना अमेरिकेच्या घटनेच्या पहिल्या तीन शब्दांत आहे, ते तीन शब्द कोणते. उत्तर "वी द पीपल". आई आठवडाभर ते म्हणत होती, पण त्या दिवशी मी सहज अर्थ सांगितला, की आम्ही लोक. तिने गॅस बंद केला. म्हणाली, "अगं हे तं आपलंच हाये." आणि ओट्यापाशी उभी राहून तिने पूर्ण उद्देशिका म्हणून दाखवली, "आम्ही, भारताचे लोक" पासून शेवटपर्यंत, ३२ वर्षं रोज सकाळी परिपाठाला मुलांकडून म्हणून घेतलेली. तिला हे माहिती नव्हतं की बाबासाहेब १९१३ मध्ये इथेच आले होते, आमच्या घरापासून तासाभराच्या ट्रेनवर, कोलंबिया युनिव्हर्सिटीत, १९१६ पर्यंत शिकले, आणि ही घटना, तिचे हक्क, तिच्या कोर्टाचे अधिकार हे सगळं त्यांनी नीट अभ्यासलेलं होतं. १७८७ ची ती घटना आणि १९४९ ची आपली. त्या दिवसानंतर आईने तो प्रश्न परत कधी पाठ केला नाही, करायची गरजच उरली नाही.

मंडळींनो, मला जे सांगायचंय ते हे आहे. पाठ केलेलं उत्तर परीक्षा पास करून देतं, नाही असं नाही, पण कळलेलं उत्तर माणूस विसरत नाही, आणि या १०० प्रश्नांतले कितीतरी प्रश्न आपल्याला कळतील असे आहेत कारण त्याचं दुसरं टोक आपल्याकडे बांधलेलं आहे. ते टोक फक्त मराठीतूनच दाखवता येतं, इथल्या लायब्ररीतल्या सिटिझनशिपच्या क्लासमध्ये ते कोण दाखवणार, ते बिचारे वीस देशांतल्या लोकांना एकत्र शिकवत असतात आणि छान शिकवतात, पण त्यांना खामगाव कुठे माहिती असणार.

खामगावचंच सांगते. यादीत एक प्रश्न आहे की सिव्हिल वॉर, म्हणजे अमेरिकेतल्या उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या राज्यांचं आपसातलं युद्ध, ज्यामुळे झालं असं एक कारण सांगा. पीडीएफमध्ये उत्तर एका शब्दात, "स्लेव्हरी". आई म्हणाली ठीक आहे, पाठ झालं, पण काहून झालं एवढं मोठं युद्ध, कोणाचं काय अडलं होतं? मग बसलो. दक्षिणेत कापूस होता, तो गुलामांकडून पिकवून घ्यायचे, तो इंग्लंडला लँकेशायरच्या गिरण्यांना जायचा, सगळा पैसा त्यावर. १८६१ मध्ये युद्ध सुरू झालं, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली, कापूस अडकला, गिरण्या बंद पडायला लागल्या आणि मग इंग्रजांनी कापसासाठी कुठे बघितलं तर मुंबईकडे. खानदेश, वऱ्हाड, गुजरात, सगळीकडचा कापूस मुंबईला, भाव कुठच्या कुठे गेले, मुंबईत पैशाचा पूर आला, रोज नव्या कंपन्या, नव्या बँका, समुद्र हटवायच्या योजना, बॅक बे कंपनीच्या शेअरसाठी लोकं वेडी झाली होती, प्रेमचंद रायचंद हे नाव तेव्हाचंच. आणि १८६५ मध्ये युद्ध संपलं, अमेरिकेचा कापूस परत येणार म्हटल्यावर भाव कोसळले आणि सगळा फुगा फुटला, मोठमोठे व्यापारी बुडाले, बँक ऑफ बॉम्बे सुद्धा टिकली नाही.

आई गप्प बसून ऐकत होती. तिच्या आजोबांकडे कापूस होता, लहानपणी बैलगाडीतून कापसाच्या ढिगावर झोपून बाजाराला जायची ते तिने मला हजारदा सांगितलंय, जिनिंग प्रेसिंगच्या भोंग्यावर घरातली कामं चालायची ते पण. ती म्हणाली, म्हणजे तिकडे माणसं विकायची बंद झाली आणि इकडे आपल्या माणसाचा भाव पडला? मी म्हटलं हो आई, असंच झालं. नंतर बराच वेळ तिने काही विचारलं नाही. वहीत "स्लेव्हरी" च्या खाली तिने बारीक अक्षरात लिहून ठेवलंय, "कापूस. खामगाव."

त्याच्या पुढचाच अनुभव. कुठल्या लोकांना अमेरिकेत आणून गुलाम म्हणून विकलं असा एक प्रश्न आहे, उत्तर "आफ्रिकन्स". आई लगेच म्हणाली, "आनलं कोनं ते नाही विचारत का?" बाई पोरांचे पेपर तपासून तयार झालेली आहे, प्रश्नात काय सुटलंय ते तिला आधी दिसतं. मी तिला सांगितलं की जोतिबांनी १८७३ मध्ये गुलामगिरी लिहिलं ते अर्पण कोणाला केलंय माहितीये? तिला माहिती नव्हतं, फुले-सावित्रीबाई वर्षानुवर्षं शिकवूनसुद्धा, आणि मलाही इथे येईपर्यंत माहिती नव्हतं. ते अर्पण आहे अमेरिकेतल्या सज्जन लोकांना, ज्यांनी गुलामांना सोडवण्यासाठी निरपेक्षपणे खस्ता खाल्ल्या त्यांना, आणि अशी आशा धरून की आपल्याकडचे लोकही त्यांचा कित्ता गिरवतील. युद्ध संपून आठच वर्षं झाली होती. पुण्यात बसून एक माणूस ही बातमी आपल्या घरची असल्यासारखी वाचत होता. इमॅन्सिपेशन प्रोक्लमेशनने, म्हणजे लिंकनच्या गुलाममुक्तीच्या जाहीरनाम्याने, काय केलं हा प्रश्न आपल्या आजी-आजोबांना शिकवताना हे अर्पण समोर ठेवायला नको का? इतका तयार धडा दुसऱ्या कुठल्या भाषेकडे असेल मला माहीत नाही, आपल्याकडे मात्र आहे.

पुढे १९४६ मध्ये बाबासाहेबांनी इथले काळे विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं, इथल्या काळ्या लोकांच्या संघटनेने युनोकडे जो अर्ज केला होता त्याची प्रत मागायला, कारण आपल्याकडच्या अस्पृश्यांसाठी तसंच काही करता येईल का हे ते बघत होते. आणि १९५९ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग भारतात आले तेव्हा मुंबईला मणिभवनात राहिले होते, गांधीजी मुंबईत उतरायचे त्या घरात. यादीत प्रश्न आहे, मार्टिन ल्यूथर किंग यांनी काय केलं. "फॉट फॉर सिव्हिल राइट्स." चार शब्द. त्या चार शब्दांमागे गावदेवीची ती गल्ली पण आहे हे आपल्या लोकांना कोण सांगणार, आपणच ना.

सुझन अँथनींचा प्रश्न आईला सुरुवातीला फार जड गेला कारण नाव जिभेवर बसेना. शेवटी मी आनंदीबाईंवरून गेले. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, त्या समारंभाला पंडिता रमाबाई मुद्दाम आल्या होत्या, मग दोन वर्षांहून जास्त रमाबाई या देशात फिरल्या आणि परत जाऊन १८८९ मध्ये त्यांनी युनायटेड स्टेट्सच्या लोकस्थितीवर मराठीत अख्खं पुस्तक लिहिलं, इथलं राज्य कसं चालतं, बायकांची परिस्थिती काय, सगळं. बघा म्हणजे, आपल्याकडे सव्वाशे वर्षांच्या वर झाली, या विषयाचं पुस्तक मराठीत आहे, आणि आपण व्हॉट्सअॅपच्या पीडीएफवर चालवतोय! रमाबाई इथे होत्या तेव्हा इथल्या बहुतेक बायकांना मत नव्हतं, ते १९२० च्या एकोणिसाव्या दुरुस्तीने आलं, आणि सुझन अँथनी त्याचसाठी आयुष्यभर झगडल्या, मत टाकलं म्हणून त्यांना अटक झाली होती. आईला अटकेचं ऐकून नाव पाठ झालं.

आता जे यादीत नाही त्याबद्दल, आणि माझ्या मते आपल्या वर्गात हे पहिल्याच दिवशी सांगायला पाहिजे. ही परीक्षा द्यायचा हक्कच आपल्याला १९४६ पर्यंत नव्हता. १७९० च्या कायद्यात लिहिलेलं होतं की नागरिक फक्त स्वतंत्र गोरा माणूस होऊ शकतो, १८७० मध्ये त्यात आफ्रिकन वंशाच्या लोकांना घेतलं, आणि भारतीय माणूस दोन्हीकडे बसेना. भगतसिंग थिंड म्हणून पंजाबातून आलेले गृहस्थ, पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या लष्करात होते, सुप्रीम कोर्टापर्यंत गेले आणि १९२३ मध्ये कोर्टाने एकमताने सांगितलं की सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो त्यात तुम्ही येत नाही. त्यानंतर ज्या थोड्या जणांना त्याआधी कोर्टांनी नागरिकत्व दिलं होतं त्यांचं सुद्धा काढून घ्यायला सुरुवात झाली. सॅन फ्रान्सिस्कोतले दुकानदार वैष्णो दास बगाई त्यात सापडले, आधी ब्रिटिश प्रजाजन असणं सोडून इथले झालेले, मग इथलंही गेलं, त्यांनी १९२८ मध्ये जीव दिला. १९४६ चा कायदा आला तेव्हा वर्षाला १०० भारतीय, एवढाच कोटा. दार खऱ्या अर्थाने उघडलं ते १९६५ मध्ये.

आणि १९६५ मध्येच का, तर हेही सांगितलं पाहिजे. तोपर्यंत दक्षिणेतल्या राज्यांत काळ्या माणसाला मतदार यादीत नाव घालायचं असेल तर परीक्षा असायची, घटनेतलं एखादं कलम वाच, त्याचा अर्थ सांग, आणि पास झाला की नापास हे ठरवणार तिथे बसलेला गोरा अधिकारी. प्रश्न कुठलेही. आईला हे सांगितलं तेव्हा ती मनापासून चिडली, म्हणाली, "पेपर काढनाऱ्याच्या मनातच पोरगं नापास करायचं असंल तं ते परीक्षा कशाची?" त्या लोकांनी मार खाल्ला, तुरुंगात गेले, जीव दिले, तेव्हा ६ ऑगस्ट १९६५ ला मतदानाच्या हक्काचा कायदा झाला आणि दोन महिन्यांच्या आतच, ३ ऑक्टोबरला, स्टॅच्यू ऑफ लिबर्टीच्या पायथ्याशी इमिग्रेशनच्या कायद्यावर सही झाली. ज्या लढ्याने ती परीक्षा बंद पाडली त्याच लढ्याच्या जोरावर आपल्याला ही परीक्षा देता येतेय. आजची परीक्षा मला कष्टाची वाटते पण सरळ वाटते, प्रश्न आधी छापून दिलेत, उत्तरंही दिलीत, पहिल्यांदा नाही जमलं तर दोन-तीन महिन्यांत परत एक संधी. हा फरक समजून मग आपल्या लोकांनी त्या खुर्चीत बसावं असं मला फार वाटतं.

माझा मुलगा आठवीत आहे, मराठी शाळेत चौथ्या वर्षाला. तो आजीची रिव्हिजन घ्यायचा, म्हणजे कार्डं दाखवायचा आणि ती उत्तर द्यायची, आणि एक दिवस आजीने त्याला उलटं विचारलं की अमेरिकेत पहिले १३ स्टेट्स होते त्यातले तीन सांग, तर त्याला न्यू जर्सीच्या पुढे जाता येईना. त्याचा दोष नाही. २०२२ च्या देशपातळीवरच्या चाचणीत आठवीची फक्त १३ टक्के मुलं इतिहासात अपेक्षित पातळीला पोचली होती, आणि २०१८ मध्ये वुड्रो विल्सन फाउंडेशनने मोठ्या माणसांची पाहणी केली तेव्हा तिघांतला जेमतेम एक जण ही नागरिकत्वाची परीक्षा पास झाला असता. म्हणजे आपल्या आजी-आजोबांना जे येतं ते इथे जन्मलेल्या शेजाऱ्याला येत नाही. आता आजीला वऱ्हाडचा कापूस माहिती होता आणि नातवाला मिसिसिपी माहिती होती, दोघं एका टेबलाशी बसले तेव्हा दोघांनाही पूर्ण गोष्ट कळली. शाळेच्या निबंधात त्याने कापसाचं लिहिलं, त्याच्या टीचरने वर्गात वाचून दाखवायला लावलं.

म्हणून मी तुमच्यापैकी एका मंडळाला मेल केला होता. नाव लिहीत नाही, कारण तक्रार करायची म्हणून हे लिहीतच नाहीये. खोली मागितली होती. तीन आठवड्यांनी उत्तर आलं की हा विषय मंडळाच्या सांस्कृतिक कार्यक्रमात बसत नाही आणि इमिग्रेशनच्या बाबतीत मंडळ सल्ला देत नाही. दुसरा मुद्दा मला समजतो, फॉर्म भरून द्या, वकिली करा असं आम्ही म्हणतच नाही, ते ज्याचं त्याने वकिलाकडे बघावं. पण पहिला मुद्दा मला मान्य नाही. आनंदीबाईंवर आपण कार्यक्रम करतो, नाटक करतो, फिलाडेल्फियाच्या सहली काढतो, आणि मग त्याच देशाचा इतिहास आपली आई शिकत असेल तर ते सांस्कृतिक नाही असं कसं? गणपतीला पाचशे माणसं जमतात, त्यातली शंभर तरी साठीच्या पुढची असतात आणि कोपऱ्यात बसून त्यांचं हेच चाललेलं असतं, तुमचं झालं का, किती प्रश्न विचारले, ऑफिसर कसा होता.

नुसत्या पीडीएफवर सोडून दिलं की काय होतं ते पण बघितलंय. आमच्याच कॉम्प्लेक्समधल्या एका काकांनी फिरत फिरत आलेली जुनी यादी पाठ केली, त्यात हाऊसच्या स्पीकरचं नाव जुनं होतं, गव्हर्नरचंही जुनं. निवडणुकीनंतर बदलणारी उत्तरं परीक्षेच्या दिवशी जी खरी असतील तीच द्यायची असतात हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. त्यात इंग्रजी वाक्य लिहिताना हात थरथरला, आणि त्यांना दुसऱ्यांदा जावं लागलं. ७१ वर्षांचा माणूस, बँकेत मॅनेजर म्हणून रिटायर झालेला, दोन महिने ते आमच्याकडे चहाला आले नाहीत, लाजेने. नंतर आई त्यांच्या घरी गेली वही घेऊन आणि दोघांनी मिळून केलं, पास झाले. आणि नव्या १२८ च्या यादीत तर "का" विचारणारे प्रश्न आणखी आहेत, अमेरिका कोरियाच्या युद्धात का पडली, व्हिएतनामच्या युद्धात का पडली, दुसऱ्या महायुद्धात का उतरली. हे घोकून किती दिवस टिकणार?

क्रांतीच्या युद्धातली एक महत्त्वाची घटना सांगा असाही एक प्रश्न त्यात आहे आणि त्याची उत्तरं आपल्या अंगणात पडलेली आहेत. ट्रेंटन जवळ, प्रिन्स्टन जवळ. मी आईला डिसेंबरात मुद्दाम डेलावेअर नदीवर घेऊन गेले, जिथून वॉशिंग्टनने १७७६ च्या नाताळच्या रात्री बर्फातून सैन्य इकडच्या काठावर आणलं आणि सकाळी ट्रेंटनवर हल्ला केला. नदी फार मोठी नाही, पूर्णेपेक्षा रुंद, पण वारं असं की डोळ्यातून पाणी येतं. मी सांगितलं की बऱ्याच शिपायांच्या पायात धड बूट नव्हते, चिंध्या गुंडाळून चालत होते. आई पाण्याकडे बघत म्हणाली, आमच्या शाळेत पण थंडीत पोरं तशीच यायची, परिपाठाला फरशीवर उभी राहायची नाहीत, सतरंजीवर चढून उभी राहायची. मग यॉर्कटाऊन, १७८१, तिथे शरण आला तो कॉर्नवॉलिस, आणि तोच १७८६ मध्ये आपल्याकडे गव्हर्नर जनरल होऊन आला, तोच टिपूवर चालून गेला आणि तेव्हा त्याच्या बाजूला पेशव्यांचं सैन्य होतं, हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन. आपले सरदार ज्याच्या शेजारी तंबू ठोकून बसले होते तो माणूस दहा वर्षांपूर्वी इथे हरला होता. एवढं सांगितल्यावर यॉर्कटाऊन कोण विसरेल? मंडळाची पिकनिक दरवर्षी पार्कातच जाते ना, एक वर्ष ती डेलावेअरच्या काठावर न्या.

आईची मुलाखत गेल्या महिन्यात झाली. मी बाहेर बसले होते, पाऊण तास. ऑफिसर बाई होत्या, चांगल्या होत्या म्हणाली, हळू बोलत होत्या. वॉशिंग्टनवरचं एक वाक्य लिहायला सांगितलं, ते तिने इतक्या वळणदार अक्षरात लिहिलं की बाईंनी कागद उचलून बघितला. सहा प्रश्न विचारले, सहा बरोबर आली, आणि सहा आली की तिथेच थांबतात. बाहेर आली ती आनंदात होती पण गाडीत बसल्यावर म्हणाली, त्यायनं युद्धाचं विचारलंच नाही गं, मले कापसाचं सांगायचं होतं. भारताचा पासपोर्ट आता जमा करावा लागेल, तो तिने सध्या देवाजवळ ठेवलाय, रोज बघते, त्यावर मी काही बोलत नाही.

तर शिकवायला बाई कोण, ते तुम्हाला कळलंच असेल. आई तयार आहे. ३२ वर्षांचा अनुभव, पैसे नकोत. इंग्रजी वाचन-लेखनाचा सराव मी आणि माझी मैत्रीण घेऊ, बदलणारी नावं दर महिन्याला आम्ही तपासून फळ्यावर लिहू, वकिली सल्ला कोणी देणार नाही हे दारावर मोठ्या अक्षरात लावू. मराठी शाळेची सातवी-आठवीची मुलं शेवटचा अर्धा तास आजी-आजोबांबरोबर बसतील, कार्डं त्यांच्या हातात. मुलांना सोडायला आलेले आई-बाबा आणि आजी-आजोबा तसेही दीड तास कॅफेटेरियात थांबलेलेच असतात. ज्या मंडळांना हे आपल्या गावात करायचंय, टेक्सासात, कॅलिफोर्नियात, शिकागोत, त्यांच्यासाठी आईच्या वहीची दोन्ही पानं, डावी उजवी आणि खालची बारीक अक्षरंसुद्धा, मी स्कॅन करून ठेवली आहेत, मागाल त्याला पाठवते.

खोलीत फळा असला तर बरं, पांढरा चालेल. वीस खुर्च्या पुरतील. चहा आम्ही घरून थर्मासमधून आणू, आणि आई येत्या रविवारपासून मोकळी आहे.

कळावे, लोभ असावा,
खामगावच्या बाईंची मुलगी, न्यू जर्सी